पान दाखवा, एवढंच मागणं आहे

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सार्वजनिक वाचनालयांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि संचालक मंडळांचे सदस्य यांस

(प्रत माहितीसाठी: तिन्ही जिल्ह्यांचे वकील संघ आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे)

विषय: वाचनालयात कायद्याचं एक कपाट आणि त्याच्याजवळ बसणारं एक माणूस असावं, याबाबत.

सप्रेम नमस्कार.

खानदेशातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात मी 27 वर्षं देवघेवीच्या खिडकीवर बसले. आता निवृत्त आहे, तरी सकाळी दोन तास जाऊन बसतेच. घरी राहून सुनेच्या भाजीत मीठ किती ते बघत बसण्यापेक्षा ते बरं. वाचनालयाचं नाव इथे लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे, आणि नाव आलं की लोक संस्थेला धरतात.

2024 ची दिवाळी होऊन गेली होती. एक बाई आणि तिची लग्न झालेली मुलगी खिडकीशी आल्या. मुलीच्या कडेवर पोर. तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली, वहीच्या कागदाची, चार घड्या घातलेली. तिच्यावर कोणीतरी निळ्या पेनाने लिहून दिलं होतं: ‘पोटगी – क. 144’. “याचं पुस्तक आहे का? आम्हाला वाचायचं आहे,” मुलगी म्हणाली. आमच्या संदर्भ विभागात फौजदारी प्रक्रिया संहितेचं मराठी पुस्तक आहे, खाकी कव्हर घातलेलं. ते मी मोठ्या तोऱ्यात काढलं, 144 उघडलं, आणि निघाली जमावबंदी. मला हसू आलं. म्हटलं, “अगं, हे दंगल-बिंगल झाली की लावतात ते कलम. तुला कोणीतरी चुकीचं लिहून दिलंय.” वर्तमानपत्रं वाचत बसलेले दोघं-तिघंही हसले. मुलीने चिठ्ठीच्या पुन्हा चार घड्या घातल्या. आई म्हणाली, “चाल माय.” गेल्या.

महिनाभराने आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाने बोलता बोलता सांगितलं तेव्हा माझ्या पायाखालची फरशी सरकली. 1 जुलै 2024 पासून जुनी संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पोटगीचं जुनं कलम 125, ते नव्यात 144 झालं. जमावबंदीचं जुनं 144, ते सरकलं 163 वर. चिठ्ठी बरोबर होती. चुकीचं होतं ते माझं खाकी कव्हर.

त्या दोघी परत आल्या नाहीत. शोधायच्या कुठे? सभासदाचं नाव वहीत असतं. नुसतं विचारायला आलेल्या माणसाचं नाव कुठेच नसतं.

म्हणून हे पत्र.

तुम्ही मंडळी जुनी दारं सांभाळून आहात. जळगावचं व. वा. वाचनालय 1877 पासून उभं आहे. अमळनेरात साने गुरुजींच्या नावाचं ग्रंथालय आहे. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे गेले 1926 च्या शेवटच्या दिवशी, आणि त्यांच्या मागे त्यांच्या दप्तरांसाठी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. जुना कागद जपण्याचं या मुलखाला कौतुक आहे. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं सोडायचे. आज त्याच गावांतला माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, फेरफाराची नोटीस, बँकेचं पत्र घेऊन तालुक्याला येतो, आणि त्याची पिशवी सोडून ‘हे असं आहे बघ’ म्हणणारं कोणी नसतं.

आपल्याकडचं कायद्याचं कपाट कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गावातले एखादे जुने वकीलसाहेब वारतात, मुलं पुण्याला, घर विकायचं असतं, आणि टेम्पोभर पुस्तकं वाचनालयाला भेट येतात. लाल कातडी पुठ्ठ्याचे इंग्रजी निकालांचे खंड, अर्ध्यांना कसर लागलेली. आपण फोटो काढतो, दाखल नोंदवहीत चढवतो, कुलूप लावतो. किल्ली कुठे असते ते शिपायाला माहीत असतं. तो रजेवर असला तर कोणालाच नाही.

आणि त्याच इमारतीत, भिंतीपलीकडे, अभ्यासिका. तीस-चाळीस पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतात. कलम 39 अ, समान न्याय आणि मोफत कायदेविषयक साहाय्य, त्यांना तोंडपाठ. 42 व्या घटनादुरुस्तीने 1976 साली आलं, हेही पाठ, कारण त्यावर प्रश्न पडतो. भिंतीच्या अलीकडे बाकावर एक म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन बसलेला असतो. ते कलम ज्याच्यासाठी लिहिलं, तो हा. दोघांची गाठ पडत नाही. पोरांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नाही की पलीकडे प्रश्न बसलाय.

आता म्हणाल, लोकांना हवं तरी काय असतं? वकील आहेत की. आहेत. पण जे प्रश्न माझ्या खिडकीशी येतात त्यांतले पुष्कळ वकिलापर्यंत जाण्याइतके मोठे नसतात, किंवा तेव्हा मोठे नसतात. वेळ गेल्यावर मोठे होतात.

तापीकाठच्या एका केळीवाल्याचं सांगते. त्याच्या शेतात जायचा गाडरस्ता शेजाऱ्याच्या बांधाकडेने होता, बापजाद्यांपासूनचा. एका पावसाळ्याच्या तोंडावर शेजाऱ्याने आडवी चारी खणली आणि काट्या टाकल्या. हा कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे गेला. त्याने नेहमीचा साचा काढला: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143, बांधावरून रस्ता मिळणेबाबत. अर्ज गेला. तारखा पडल्या. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा निवडणुकीची कामं, एकदा समोरचाच आला नाही. शेवटी आदेश हातात पडला. तो आदेश घेऊन हा माझ्याकडे आला. “ताई, हाई काय शे ते वाची दखाडा ना.”

वाचलं. आदेशाचा मतलब एवढाच होता की तुझा रस्ता आधीपासून होता असं तूच म्हणतोस. मग नवा रस्ता मागायच्या कलमाखाली कशाला आलास? असलेला रस्ता अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. आता त्या कलमाची गंमत अशी की अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. याचा सातवा संपत आला होता.

दिवाणी न्यायालयाचं दार उघडं होतं, नाही असं नाही. पण त्या दाराने आत गेलेला माणूस किती वर्षांनी बाहेर येतो ते तुम्ही जाणता, आणि घड तर झाडाला लागलेले. केळी थांबत नाही. त्याने मजूर लावून घड डोक्यावर वाहून सडकेपर्यंत आणले. रस्ता नाही म्हटल्यावर व्यापाऱ्यानेही भाव पाडला. एका माणसाच्या एका हंगामाचा नफा कुठे गेला म्हणाल, तर 143 आणि 5 यांच्या मधे गेला.

तो 1906 चा कायदा काही गुपित नाही. इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले त्याच सालचा आहे. तेव्हापासून पुस्तकात बसून आहे. कलम 7 मध्ये तर अर्जात काय काय लिहायचं तेही दिलंय: कोणाविरुद्ध, कोणती जागा, अडथळा कोणत्या तारखेला झाला, कागद कोणते, साक्षीदार कोण. मराठी चौथी शिकलेल्याला समजेल. पहिल्याच आठवड्यात ती दोन पानं त्याच्यासमोर शेजारी-शेजारी ठेवली असती आणि म्हटलं असतं, “दादा, हे नव्या रस्त्याचं, हे असलेला रस्ता बंद केला त्याचं, तुमचं कोणतं ते तुम्ही बघा,” तर त्याने स्वतःच बोट ठेवलं असतं. मी ठेवली नाहीत, कारण तो पहिल्या आठवड्यात माझ्याकडे आलाच नाही. वाचनालयात असं काही बघायला मिळतं हे त्याला का वाटावं? आपण कधी पाटी लावली?

मुलींच्या हिश्श्याचं तर विचारूच नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके, गाणी, पुरणपोळी आणि आंब्याचा रस. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाऊ हळूच म्हणतो, “ताई, जरा तालुक्याला जाऊन येऊ, एक सही आहे.” हक्कसोड. मी स्वतः माझ्या भावासाठी केलंय, पस्तावलेही नाही. पण मला माहीत होतं मी काय सोडतेय. पुष्कळ जणींना ते सहीच्या वेळी माहीत नसतं. त्यांना सांगितलेलं असतं की बाप 2005 च्या आधी वारला, तेव्हा तुझा वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा नाहीच, सही नुसती उपचाराची. व्हॉट्सॲपवर तसा निकालही फिरत असतो. तो निकाल खोटा नसतो, 2015 चा असतो. पण 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो फिरवला. मुलीचा हक्क जन्मापासून. 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, बाप जिवंत असलाच पाहिजे असं नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. हीही ओळ त्याच पानावर आहे, आणि ती भावांच्या बाजूची आहे. दोन्ही ओळी दाखवायच्या. सही करायची की नाही ते तिचं तिने ठरवावं. हिस्सा समजून सोडला तर तो भावाला दिलेला आहेर. न समजता सोडला तर दुसराच शब्द आहे त्याला.

सर्वोच्च न्यायालयाचे पुष्कळ निकाल आता मराठीत भाषांतर होऊन त्यांच्या संकेतस्थळावर फुकट असतात. निकालाचा मूळ मजकूर छापून ठेवायला, एरवी न्यायालयानेच मनाई केली नसेल तर, कॉपीराइट कायदा आड येत नाही. केंद्राचे कायदे सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर आहेत. राज्याचं भाषा संचालनालय कायद्यांचे मराठी अनुवाद काढतं. म्हणजे खर्चाचा मुद्दा पुढे करू नका. एक प्रिंटर, कागदाचे दोन-चार रीम आणि पंचिंग मशीन. आपण दरवर्षी व्याख्यानमालेच्या हारतुऱ्यांवर त्याहून जास्त घालवतो. (आमच्या पगाराबद्दल इथे लिहीत नाही. त्याला वेगळं खुलं पत्र लागेल.)

कपाशीच्या बियाण्याचं एकच सांगते, कारण जामनेर-पारोळ्याकडून दरवर्षी कोणी ना कोणी येतंच. बी उगवलं नाही. दुकानदार म्हणतो, उरलेलं बी आण, प्रयोगशाळेत तपासू. शेतकरी म्हणतो, उरलं कुठे, सगळं पेरलं. इथे माणूस गप्प होतो आणि परत जातो. राष्ट्रीय बीज निगमविरुद्धच्या निकालात 2012 सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की शेतकरी हा ग्राहकच, आणि तपासणीसाठी बी बाजूला काढून ठेवेल अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. बिल, पिशवी, पिशवीचं लेबल एवढं जपलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मुदत 2 वर्षं, मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हे सगळं एका पानात मावतं. ते पान पेरणीच्या आधी दाराशी लावलं तर लोक पिशव्या फेकायचे थांबतील. आमच्याकडे रिकाम्या पिशव्या शिवून गोठ्याला पडदा करतात.

नंदुरबारचं दुखणं आणखी वेगळं. धडगाव-अक्कलकुव्याकडचा माणूस जिल्ह्याच्या गावी यायचा तर घाट उतरून दिवस मोडतो, आणि आला तरी कागद मराठीत, बोलणं पावरीत नाही तर भिलीत. वनहक्काचा दावा फेटाळला गेला एवढंच त्याला कळलेलं असतं. का फेटाळला हे लेखी मिळायला हवं, ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि त्या समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला 60 दिवस असतात, आणि पुरावा म्हणून गावातल्या जाणत्या माणसाचं म्हणणं लिहून दिलेलं चालतं, हे 2006 च्या कायद्यात आणि त्याच्या नियमांत आहे. तिथे कपाट पुरणार नाही. तिथे त्या बोलीचा माणूसच लागेल. तिकडच्या वाचनालयांनी हे पत्र बाजूला ठेवून आधी तो माणूस शोधावा.

आता तुमच्या मनातला प्रश्न, जो सभेत कोणीतरी उभं राहून विचारेलच: वाचनालयाने वकिली करायची का?

अजिबात नाही. आणि करू म्हटलं तरी करता येणार नाही. 1961 चा अधिवक्ता अधिनियम आहे. अधिकार नसताना न्यायालयात वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. पण स्वतःचं प्रकरण स्वतः चालवायला कोणालाच बंदी नाही, आणि स्वतःचा कायदा स्वतः वाचायला तर नाहीच नाही. आपलं काम वाचण्यापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. सीमा कुठे आहे ते मला खिडकीवर बसून कळलेलं सांगते. कोणी विचारलं, “ताई, मी अपील करू का?” तर मला तोंड नाही. कोणी विचारलं, “मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला, अपिलाला किती दिवस असतात?” तर महसूल अधिनियमाचं कलम 250 उघडायचं, 60 वर बोट ठेवायचं आणि पुस्तक त्याच्याकडे फिरवायचं. “कुठला अर्ज लिहू?” याला उत्तर नाही. “अर्जाचा नमुना आहे का?” याला आहे. “माझी बाजू खरी ना?” असं एका म्हाताऱ्याने विचारलं होतं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

कॅलिफोर्नियात 58 परगणे आहेत. तिथे परगण्यांना सामान्य माणसासाठी उघडी अशी कायद्याची ग्रंथालयं असतात, आणि त्यांचा खर्च मुख्यतः दिवाणी दाव्यांच्या फीमधून निघतो. तिथले ग्रंथपालही हीच रेघ पाळतात: माहिती द्यायची, सल्ला नाही. आपल्याला दाव्याच्या फीतून कोणी काही देणार नाही, हे मी धरूनच चाललेय. पण रेघ उसनी घ्यायला पैसे पडत नाहीत.

वकील संघांना हात जोडून एक विनंती. हे तुमच्या पोटावर पाय देणं नाही. नोटिशीची तारीख ठाऊक असलेला, कागद क्रमाने लावून आणलेला पक्षकार तुम्हालाच हवा असतो. पिशवी टेबलावर पालथी करून “बघा तुम्हीच” म्हणणारा नको असतो, असं तुमच्यातलेच दोघं मला चहाच्या टपरीवर म्हणालेत. कोर्टाच्या आवारात तुमचं ग्रंथालय आहे, त्यात नवी पुस्तकं येतात. नव्या आल्या की जुन्या आवृत्त्यांचं काय करता? आमच्याकडे पाठवा. फक्त पाठवताना त्यातलं काय बदललंय ते तुमच्यातल्या एखाद्या ज्युनियरला पहिल्या पानावर लिहायला लावा.

कारण जुनं पुस्तक हा साप आहे. माझा अनुभव सांगितलाच. पण ते निर्लेखित करून रद्दीतही घालता येत नाही, यात खरी मेख आहे. 1 जुलै 2024 च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला 1860 ची भारतीय दंड संहिताच लागते. म्हणजे फसवणुकीची घटना जूनमधली असेल तर 420, ऑगस्टमधली असेल तर नव्या भारतीय न्याय संहितेचं 318. दोन्ही पुस्तकं लागणार, शेजारी-शेजारी लागणार, आणि जुन्या दंड संहितेच्या कण्यावर लाल पट्टी लागणार: ‘30 जून 2024 पर्यंतच्या घटनांसाठी’. आमच्या कपाटात मी ती लावलीय. जुन्या पुठ्ठ्यावर लाल पट्टी फार उठून दिसते. दर जानेवारीत आणि जुलैत एक दिवस ठरवून कपाट तपासायचं, काय बदललं ते बघायचं आणि तपासल्याची तारीख दारावर चिकटवायची. रेशन दुकानावर साठ्याचा फलक असतो, तसा. हे कोणाचं तरी नावानिशी काम असलं पाहिजे. ‘कर्मचारी बघतील’ म्हटलं की कोणी बघत नाही, ही 27 वर्षांची साक्ष आहे.

काही गोष्टी मात्र पुस्तक बंद करून पुढे पाठवायच्या. पोलिसांनी चौकशीला बोलावलंय, नवरा मारतोय, समन्स आलंय, ताबा घ्यायला माणसं येणार आहेत. तिथे पानं उलटत बसणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं. त्यासाठी तालुका न्यायालयातच विधी सेवा समिती असते. 15100 हा फोन आहे. लोकांचा समज असा की मोफत वकील फक्त दारिद्र्यरेषेखालच्याला. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 काढून दाखवा: बाईला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, अपंगाला, कारखान्यातल्या कामगाराला, कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांपर्यंत. दहा एकर बागायत असलेल्या घरातल्या सुनेलाही मोफत वकील मिळतो, हे ऐकून आमच्या कार्यकारिणीतले दोघं खुर्चीत सरसावून बसले होते. का ते विचारू नका.

विधी सेवा प्राधिकरणांनाही एक सांगते. तुमची शिबिरं होतात, बॅनर लागतात, दीपप्रज्वलन होतं, वडापाव होतो. चांगलं आहे. पण माणसाची अडचण शिबिराच्या तारखेला येत नाही. तुमचे विधी स्वयंसेवक आहेत, गावोगावी विधी सेवा केंद्रं चालवायचे 2011 चे विनियम आहेत, तिन्ही जिल्ह्यांत विधी महाविद्यालयांची मुलं आहेत. आम्ही खोली, टेबल, पंखा आणि पिण्याचं पाणी देतो. आठवड्यातले दोन दिवस तुम्ही माणूस द्या. शक्यतो बाजाराचा दिवस धरा, खेड्यातली माणसं त्या दिवशी तशीही येतात.

आणि एक अगदी साधं, ज्याला पुस्तकही लागत नाही. “ताई, केसची तारीख कळेल का?” यासाठी लोक रोजंदारी बुडवून, एसटीचं भाडं घालून कोर्टात जातात, आणि तारीख पुढे गेल्याचं ऐकून परत येतात. प्रत्येक खटल्याला 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख, आधी काय झालं, सगळं दिसतं. मी मोबाइलवर ते करायला शिकले त्याला चहा निवण्याइतका वेळ लागला. आता दर सोमवारी सातआठ जण तेवढ्यासाठीच येतात. एकाने क्रमांक हरवू नये म्हणून घराच्या दरवाजाच्या आत खडूने लिहून ठेवलाय. पोराकरवी फोटो काढून आणतो.

माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये, एका वेळी एक विषय, साधारण 150 शब्द. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस. भाडेकरूचा करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. अशी पानं मी जमवत गेलेय. एक फाइल झालीय. वर नाव लिहिलंय ‘नेहमी विचारतात ते’. कोणाला हवी असेल तर झेरॉक्स काढून देईन. फक्त आधी एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घाला. माझ्यावर विसंबू नका. मी 144 वाली बाई आहे.

मागणी थोडक्यात सांगायची तर पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हे घ्या. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात ढकलू नका. तिथे ढकललेल्याचं काय होतं ते मी इतिवृत्तं लिहिलेली असल्यामुळे जाणते. कपाटाला कुलूप नको. कपाट दर्शनी भागात हवं, पण टेबल जरा आडोशाला, कारण पोटगीचं पान कोणी वर्तमानपत्राच्या बाकांसमोर वाचत नाही. त्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होते.

आमच्या वाचनालयाने होकार दिला तर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी 9 ते 11 बसायची माझी तयारी आहे. मानधन नको. टेबल खिडकीजवळचं द्या, चष्म्याचा नंबर वाढलाय. आणि त्या मुलीला ओळखणारं कोणी हे वाचत असेल, 2024 ची दिवाळी झाल्यावर आईबरोबर आली होती, कडेवर पोर होतं, तर तिला निरोप द्या: चिठ्ठी बरोबर होती. पान काढून ठेवलंय.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी